चिंचोक्यांच्या रांगा

धुळे,
८ जुलै १९५४

श्री. शालिग्रामराव झोपे यांस,
तोताराम भारंबे याचा नमस्कार.

तुमच्याकडची केळीची लागवड आटोपली असेल. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या गावचा आपला पितांबर परवा सोयरिकीच्या बोलण्यासाठी इथे आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, शाळा उघडून महिना झाला तरी कोकिळा शाळेत जात नाही. गेलं वर्षही तिचं असंच गेलं. दिवसभर नव्या आईच्या मागेपुढे घरात असते. हे खरं आहे का?

माझी बहीण मंदा चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. कोकिळा झाली त्या वेळी तिने मला बजावलं होतं, "भाऊ, हिला मात्र शिकवायचं." मंदाला जाऊन दीड वर्ष झालं. तुम्ही दुसरं लग्न केलंत, त्याबद्दल आम्ही एका शब्दाने बोललो नाही. केळीचा मळा आणि लहान पोर एकट्या पुरुषाने सांभाळायची कशी, हे आम्हालाही समजतं. पण घरात कामाला हात हवा म्हणून पोरीची शाळा सुटत असेल, तर ते आम्ही चालू देणार नाही.

मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवतो, हे तुम्ही जाणताच. घरात जागा आहे. माझ्या आईचा, म्हणजे कोकिळेच्या आजीचा, आग्रह आहे की तिला इकडे आणावं. तुमचं म्हणणं उलट टपाली कळवा.

तोताराम


नशिराबाद,
१६ जुलै १९५४

श्री. तोतारामभाऊ यांस,
प्रमिलेचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "तूच लिव. मले पत्र लिवायले सांगणं म्हंजे बैलाले शिवणकाम सांगणं." म्हणून मी लिहिते. आपली ओळख नाही. लग्नात तुम्ही आला नव्हतात.

पितांबरभाऊंनी सांगितलं ते खरं आहे. कोकिळा शाळेत जात नाही. तिला शाळा मानवत नाही. का ते विचारू नका, पण कामासाठी मी तिला घरी ठेवलेली नाही. ती साधा तांब्यासुद्धा घासत नाही, उलट मीच तिच्या मागे पाटी घेऊन फिरते.

मी सातवीची परीक्षा पास झालेली आहे. सकाळच्या भाकरी झाल्या की आम्ही दोघी ओट्यावर बसतो. वाचन थोडं, शुद्धलेखन त्याहून थोडं, कारण त्यात तिचं चित्त नाही. गणिताला मात्र मलाच तिला आवरावं लागतं. तीसपर्यंतचे पाढे झाले, पाव-अर्ध्याची पावकी-निमकी झाली, आता दीडपटीची दिडकी चालू आहे. मी कुरडया घालत असले तर ती खाटेवर ओळी किती, ओळीत किती, हे बघून मागच्या बाजूने एकदम आकडा सांगते. एकदा मी मोजून पाहिलं. बरोबर निघालं, मग सोडून दिलं.

उन्हाळ्यात चिंच फोडली तिचे चिंचोके मी तिला दिले. ती त्यांच्या सारख्या रांगा लावते. बारा घेतले तर तीन-तीनच्या लागतात, चार-चारच्याही लागतात. सात घेतले की कशाच्याच लागत नाहीत, काही ना काही बाहेर राहतं. अशा आकड्यांना तिने नाव ठेवलं आहे, 'एकलकोंडे'. सात, अकरा, तेरा, सतरा. पुढे पुढे ते विरळ होत जातात, हेही तिने मला दाखवलं. परवा विचारते, "मावशी, लई मोठे आकडे घेतले म्हंजे एकलकोंडे सरून जाता का?" मला सांगता आलं नाही. तुम्ही गणिताचे मास्तर. तुम्हाला माहीत असेल तर कळवा, पोर रोज विचारते.

यांच्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, नमस्कार सांगा.

प्रमिला


धुळे,
२४ जुलै १९५४

सौ. प्रमिलाबाई यांस,

आपलं पत्र पोचलं. 'मानवत नाही' असं माणूस वांग्याबद्दल म्हणतो, शाळेबद्दल नाही. का ते विचारू नका, असं आपण लिहिता. मुलीच्या मामाने विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?

चिंचोक्यांचा प्रश्न आपण कुठल्या पुस्तकातून घेतलात? त्या संख्यांना मूळ संख्या म्हणतात. त्या संपतात की नाही, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलीला आपणहून पडला, यावर माझा विश्वास बसत नाही. उत्तर मला ठाऊक आहे, पण ते तूर्त सांगत नाही.

दोन उदाहरणं देतो. कोकिळेने ती एकटीने करावी आणि स्वतःच्या अक्षरात लिहावी.

पहिलं: केळीच्या एका घडाला नऊ फण्या आहेत आणि प्रत्येक फणीला चौदा केळी, तर घडात केळी किती?

दुसरं: एक्याण्णव हा तिच्या भाषेतला एकलकोंडा आहे की नाही?

आपण मदत करू नये, ही विनंती.

तोताराम भारंबे


नशिराबाद,
४ ऑगस्ट १९५४

श्री. तोतारामभाऊ यांस नमस्कार.

मदत केली नाही. शपथ घालायची तर घाला.

पहिलं उदाहरण तिने करायचंच नाकारलं. "हे खोटं हाये," म्हणाली. मी म्हटलं, मामांनी दिलंय, खोटं कसं असेल? तर मला हात धरून मळ्यात घेऊन गेली. वरची फणी मोठी असते, खाली खाली फण्या लहान होत जातात, सगळ्या फण्यांना सारखी केळी कधी नसतातच. "मामानं केयी बाजारातच पाह्यली असतीन," हे तिचं म्हणणं. रागावू नका. तिने एका खऱ्या घडाची एकेक फणी मोजून बेरीज केली आहे, ती मागच्या पानावर आहे.

दुसऱ्यात तिचा दीड दिवस गेला. घरचे चिंचोके पुरेनात, म्हणून शेजारच्या ताजबीकडून ओंजळभर मागून आणले. दोनाच्या रांगा लावल्या, तीनाच्या लावल्या, मग एकदम पाचावर गेली. मी म्हटलं, चार राहिले की. माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच तिच्या हाताखाली शिकते. "दोनाच्या लागल्या नही, तं चाराच्या कशा लागतीन?" खरं सांगते भाऊ, हे मला सातवीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचार केला नव्हता.

पाचाच्या लागल्या नाहीत. मग साताच्या लावत गेली. शेवटची रांग पूर्ण झाली, तशी ती त्या तेरा रांगांकडे बघत राहिली, आणि एकदम हसायला लागली. "मामानं मले फसवलं! हा एकलकोंडा वाटते, पण नही!" इतकी मोठ्याने हसली की ताजबी भिंतीवरून डोकावली. म्हणाली, "मंदाबाई गेल्या तेव्हापासून पोरगी आज हसली बघा."

अक्षर वाकडं आहे, पण तिचंच आहे.

प्रमिला


धुळे,
१६ ऑगस्ट १९५४

सौ. प्रमिलाबाई यांस नमस्कार.

घडाचं उदाहरण मी वर्गात गेली आठ वर्षं घालत होतो. काढून टाकलं.

चाराच्या रांगांबद्दल तिने जे सांगितलं, ते मी माझ्या बायकोला, पुष्पाला, वाचून दाखवलं. ते तिचं आहे, हे आता मला पटलं. असं कोणी पढवल्याने बोलत नाही.

पण म्हणूनच सांगतो, अशा मुलीला घरात ठेवणं ही जास्तच मोठी चूक आहे. तुम्ही तिला दिडकीपर्यंत आणलंत, त्याबद्दल आभार. पुढे काय? शिवाय शाळेत चार मुली भेटतात, भांडणं होतात, जुळतात. ओट्यावर ते कुठून येणार? तुम्ही कारण सांगत नाही, तेव्हा आम्ही आमच्या मनाने अर्थ लावणार.

पोळा झाला की आई स्वतः तिकडे येते आहे. ती कोकिळेला सोबत घेऊन येईल. तिचे कपडे बांधून ठेवा. यात वाईटपणा नको, एवढंच माझं सांगणं.

तोताराम


धुळे,
२० सप्टेंबर १९५४

सौ. प्रमिलाबाई यांस नमस्कार.

आई परत आली, ती एकटीच. चार दिवस झाले. विचारलं तर "मंग सांगीन" म्हणते आणि सांगत नाही. काल तिने पेटीतून मंदाची जुनी लुगडी काढली. दीड वर्ष त्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता. आज दुपारी शाळेतून आलो तर ती लुगडी फाडत बसलेली. मला धास्ती वाटते. तिकडे भांडण झालं का? शालिग्रामराव काही बोलले का? तुम्ही जे घडलं ते, मला कसं वाटेल याचा विचार न करता, जसंच्या तसं लिहा.

तोताराम


नशिराबाद,
२७ सप्टेंबर १९५४

श्री. तोतारामभाऊ यांस नमस्कार.

भांडण झालं नाही. जे झालं ते लिहिते.

आजी आल्या तेव्हा मी ओसरी सारवत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "कितवा?" मी म्हटलं, चौथा. जुन्या बायकांना सांगावं लागत नाही. तुम्हाला मी हे लिहिणार नव्हते, पण आता त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोकिळेला म्हणाल्या, "चाल माय, मामाकडे. मोठ्या शाळेत घालतो तुले." कोकिळा चिंचोके मांडून बसली होती. तिने ते गोळा करून डब्यात भरले आणि येऊन माझा पदर धरून उभी राहिली. आजींनी पुन्हा बोलावलं, गुळाचा खडा दाखवला. ही हलेना. तेव्हा आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय करून ठेवलं व तू पोरीले?"

मला रडू फुटलं. बोलली ती कोकिळा.

"मी शाळेत गेली व्हती, तव्हा माय मेली. मी तथी पाढे म्हणत व्हती. आता मी गेली अन् मावशीले काही झालं तं? घरी कोण राहीन?"

भाऊ, हेच ते कारण. मंदाताईंना कळा सुरू झाल्या, तेव्हा पोर घरात नको म्हणून तिला शाळेत पाठवलं होतं. दुपारी माणूस बोलवायला गेला, तेव्हा वर्ग पाढे म्हणत होता. ती घरी आली तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतर शाळेच्या पायरीशी गेली की तिला उलटी व्हायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्याशीही बोलत नव्हती, पण मी विहिरीवर गेले तरी मागे मागे यायची. तिथल्या मास्तरांनीच सांगितलं, "बाई, काही दिवस घरी ठेवा, घरी शिकवा." माणूस चांगला आहे. पाढ्यांचं पुस्तक त्यांनीच दिलं.

तुम्हाला हे जुलैतच लिहायला हवं होतं का? मी दोनदा लिहून फाडलं. मंदाताईंच्या माहेरी त्यांच्या मरणाचं वर्णन मी कुठल्या तोंडाने पाठवू? तुम्ही मला सावत्र समजलात तर समजा, असं ठरवलं.

कोकिळा बोलली, आणि आजी होत्या तिथेच खाली बसल्या. मग त्यांनी चिंचोक्यांचा डबा स्वतःकडे ओढला आणि म्हणाल्या, "कसे मांडते तू? मले दाखव बरं." त्या दिवशी दोघी जेवायलाही उठेनात.

पुढे आजी आठ दिवस राहिल्या. मला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. यांना दोनदा रागावल्या, मी विहिरीवरून पाणी आणते म्हणून. निघताना मला म्हणाल्या, "जड उचलू नको." बाकी काही नाही. कोकिळेला न्यायचं नावही काढलं नाही.

लुगड्यांचं तुम्ही पुष्पावहिनींना विचारा. मी सांगणं बरं दिसणार नाही.

प्रमिला


धुळे,
५ ऑक्टोबर १९५४

चि. सौ. प्रमिला हिस,
तोतारामाचे अनेक आशीर्वाद.

पुष्पाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला मूळ संख्या कळतात, बाळाची दुपटी कळत नाहीत." आई मंदाच्या लुगड्यांची दुपटी शिवते आहे. तीन झाली.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि मला समोर बसवून हे लिहायला लावलं. तिच्याच शब्दांत देतो:

"लिव. माही एक लेक त्या घरात गेली. दुसरी मी जाऊ देणार नही. पहिलं बायतपण माहेरी करता. तुले माय नही, बाप नही, काकाच्या घरी वाढली, हे मले शालिग्रामनं सांगितलं. मंग हेच तुहं माहेर. संक्रांत झाली म्हंजे शालिग्रामले म्हणा गाडीत बसव. दवाखाना घरापासून हाकेवर हाये. कोकिळा संगे येईन, मावशीले सोडून कायले राहीन? शाळेचं मांगून पाहू. तोताराम तिले घरीच शिकवीन, त्याले दुसरं येते तरी काय?"

शेवटचं वाक्यही लिहिलंच पाहिजे असा तिचा हट्ट होता.

एसटीच्या धक्क्यांपेक्षा रेल्वे बरी. चाळीसगावला गाडी बदलावी लागते, तिथे मी स्वतः घ्यायला येईन. तोवर कोकिळेची दिडकी झाली की अडीचकी सुरू कर, साडेतीनपटीच्या औटकीची घाई नको. आणि ती काय काय बोलते ते मला लिहीत जा. इथल्या वर्गात मला इतकं नवं ऐकायला मिळत नाही.

तुझा,
तोतारामभाऊ


धुळे,
१७ फेब्रुवारी १९५५

श्री. शालिग्रामराव यांस नमस्कार.

तुम्हाला कन्या झाली. काल दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. आई आणि बाळ दोघी खुशाल आहेत. तार केली आहे, ती याच्या आधी पोचली असेल, पण तारेत जे मावलं नाही ते लिहितो.

सकाळी प्रमिलेला दवाखान्यात नेलं. कोकिळेला घरी ठेवायचं की न्यायचं, यावर आम्ही बोलत होतो, तोवर ती चपला घालून फाटकाशी जाऊन उभीच होती. मी रजा टाकली. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो. चिंचोक्यांची पिशवी दिली, ती तिने बाजूला सारली. आतून थोडा आवाज आला की माझा कोट घट्ट धरायची. पुष्पा सोबत असती तर गोष्ट सांगितली असती. मला गोष्टी येत नाहीत.

शेवटी म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सांगू का? एकलकोंडे सरतात की नाही?"

तिने मान वर केली.

"समज, सरले. दोन, तीन अन् पाच, एवढेच आहेत जगात. तिघांचा गुणाकार कर."

"तीस."

"त्यात एक चिंचोका टाक."

"एकतीस."

"आता दोनाच्या रांगा लाव."

"एक उरते."

"तीनाच्या?"

"एक उरते."

पाचाचं विचारायच्या आत ती बाकावरून उतरून माझ्यासमोर उभी राहिली. "मामा, एक उरतेच! आपण कितीही एकलकोंडे गुणले, अन् वरून एक टाकला, तं एक उरतेच! मंग त्याची ज्याच्यात रांग लागीन, तो आपल्याजोळ नव्हताच. नही तं तो सोताच एकलकोंडा. म्हंजे सरतच नही!"

शालिग्रामराव, ती पुढची पायरी मी सांगितली नव्हती. मी ती कॉलेजात शिकलो तेव्हा मला दोनदा वाचावी लागली होती.

मग ती मलाच पहिल्यापासून समजावून सांगायला लागली, मला कळलं की नाही याची तिला खात्री नव्हती. सात घेतला, अकरा घेतला. पाटी नव्हती म्हणून बोटाने बाकावर आकडे काढत होती. त्या नादात आई दार उघडून कधी बाहेर आली, ते आम्हाला कळलं नाही. "पोरगी झाली," आई म्हणाली. कोकिळेने ते ऐकलंच नाही. तिने विचारलं, "मावशी?"

आई म्हणाली, "चहा मागू राह्यली."

मग पोर तिथेच जमिनीवर बसली आणि खूप रडली. आईने तिला रडू दिलं.

आता बाळाच्या पाळण्याशी बसून असते. बारशाला तुम्ही या. नाव काय ठेवायचं ते कोकिळेने अजून ठरवलेलं नाही, आणि ते तीच ठरवणार, असं आईचं म्हणणं आहे.

तोताराम


नशिराबाद,
२१ जून १९५५

ती. भाऊ यांस,
प्रमिलेचा सा. नमस्कार. आईंना दंडवत.

घरी येऊन दोन महिने होत आले. धाकटी आता पालथी पडते आणि सरळ होता येत नाही म्हणून ओरडते. आईंनी दिलेली दुपटी अजून पुरतात. हे रोज मळ्यातून आल्यावर हात धुऊन आधी तिलाच घेतात, मग चहा. मला वाटायचं मुलगी झाली म्हणून मनात काही असेल, तर तसं काही नाही.

आता कोकिळेचं. मे महिन्यात एके दिवशी तिने विचारलं, "शाळेत मोठा भागाकार केव्हा शिकवता?" मी म्हटलं, तिसरीत. म्हणाली, "मी तिसरीत बसू शकतो का?" मी काही दाखवलं नाही, कणीक मळत राहिले. संध्याकाळी यांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी मास्तरांना भेटून आले. मास्तरांनी ओट्यावर येऊन तिची परीक्षा घेतली. जाताना म्हणाले, "भाषेत कच्ची आहे, गणितात मलाच सांभाळून राहावं लागेल." तिसरीत नाव घातलं.

शाळा उघडली त्या दिवशी तिने स्वतःच दप्तर भरलं. पायरीपर्यंत मी सोबत गेले. तिथे ती थांबली. मग तिने वाकून चपला काढल्या, एका कडेला नीट ठेवल्या आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

आता माझं ऐका आणि हसू नका. घरी आले तर मला काही सुचेना. धाकटी झोपलेली, भांडी पडलेली, आणि मी दारात उभी. शाळेत तिला उलटी होत असेल, भिऊन कोपऱ्यात बसली असेल, असं सारखं मनात येत होतं. दहा वाजता उभी, अकरा वाजता उभी. ताजबी म्हणाली, "अहो, तुम्हीच शाळेत नाव घाला." शेवटी धाकटीला तिच्यापाशी ठेवलं, एका डब्यात दशमी घातली, आणि डबा द्यायचं निमित्त करून मी शाळेत गेले. डबा ती सकाळीच घेऊन गेली होती.

खिडकीतून पाहिलं. पहिल्या रांगेत बसली होती, पाटीवर वाकून. शेजारची पोरगी तिच्या पाटीत डोकावत होती आणि ही कोपराने झाकत होती. मी बघत होते तेवढ्यात मास्तरांचं लक्ष गेलं आणि त्यांनी हाक मारली, "कोकिळा, तुझी मावशी आली."

ती उठून दारात आली. मी डबा पुढे केला. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तू काहून आली? घरी सगळे बरे हायेत ना?"

मी म्हटलं, हो.

"मंग जाय ना घरी," म्हणाली. "आम्ही भागाकार करू राह्यलो."

मी आले आपली घरी.

तुमची,
प्रमिला